ओंजळभर ज्वारी

कानबाईला आठ दिवस उरले होते, तेव्हा भिकुबाई दारात आली आणि मीच तिला परत पाठवलं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते. घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, घरच्या जात्यावर दळायचे, त्याचे रोट करायचे. रोट खायचे ते घरच्यांनीच. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. जळगावात घर बांधलं तेव्हा आईनं धुळ्याकडच्या गावातून दोनच वस्तू आणल्या, कानबाईचा नारळ आणि हे जातं. वर्षभर ते जिन्याखाली पोत्यानं झाकलेलं असतं. कानबाई जवळ आली की भिकुबाई येते, छिन्नी-हातोडीनं टाकी लावते, गुळगुळीत झालेल्या दगडाला पुन्हा दात आणते. तिची सासूही हेच करायची.

"हितूदादा, जातं काढा बाहेर," ती ओट्यावर टेकत म्हणाली.

"राहू दे मावशी. औंदा मीच करून घेतो."

ती हसली. "तुम्ही? दगडाला हात लावला का कधी?"

"पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे मी. लोखंड कापतो, दगडाचं काय घेऊन बसलीस!"

खरं सांगायचं तर माझ्या मनात ती ज्वारी होती. दरवर्षी काम झालं की भिकुबाई आईकडून ओंजळभर ज्वारी मागायची, जात्यावर दळायची आणि ते पीठ पदरात बांधून न्यायची. मजुरीच्या वर हे कशाला? मी बायकोला, मोहिनीला, म्हणायचोसुद्धा, "बघ, म्हातारी जाताजाता भाकरीचं पीठ काढून नेते."

आई आतून आली. "हितू, तुले जमस का ते?"

"जमतं गं. बघच तू."

भिकुबाईनं पिशवी उचलली. "बरं दादा. हळूहळू मारा मात्र. दगड बोलतो, ऐका त्याचं."

मी ऐकलं नाही. ग्राइंडर लावला, चकती फिरवली, दहा मिनिटांत दोन्ही तळ्यांवर, वरच्या-खालच्या दगडांवर, सरळ रेघा पाडल्या. मग मोठ्या हातोडीनं छिन्नी ठोकली. धुरळा इतका उडाला की तुळशीची पानं पांढरी झाली. शेवटी पाइपानं पाणी मारलं. जातं कसं नवंकोरं दिसत होतं. भाविकानं, माझ्या लेकीनं, टाळ्या वाजवल्या. आईनं नुसता तळीवर तळवा फिरवला आणि हात लगेच मागं घेतला.

रविवारी पहाटे आई दळायला बसली. तिच्या ओव्या मला लहानपणापासून पाठ आहेत. पहिली कानबाईची:

कानबाई माय उनी, मन्हा उंबराले पाय
पीठ सांडस सूपमा, तिले आखो देऊ काय

तिच्या मागोमाग नेहमी येते ती भिकुबाईची:

भिकुबाई लावे टाकी, दगडले देस दात
पीठ पडस मऊमऊ, जसा लेकरूना हात

त्या दिवशी ही दुसरी आली नाही. आई पहिलीवर थांबली आणि मुकाट खुंटा फिरवत राहिली. जात्याचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. गहू भरडल्यासारखा नाही, काहीतरी खरवडल्यासारखा.

दुपारी आरती झाली, पानं वाढली. रावेरहून माझा भाऊ प्रेमराज त्याच्या दोन मुलांना घेऊन आला होता. गंगाफळाची भाजी, खीर आणि रोट. पहिला घास घेतला आणि दाताखाली कर्र झालं.

"पप्पा, वाळू!" भाविका म्हणाली.

"वाळू नही बेटा, खाय," आई म्हणाली. "कानबाईनं शे. टाकाले चालस नही."

मोहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर पानात वळवली. प्रेमराजनं पाण्याबरोबर घास गिळला. "दादा, औंदा रोट मजबूत शे बरं!" म्हणाला. मुलं हसली. मी हसायला गेलो, ते जमलं नाही. थोड्या वेळानं अख्खं घर खाली मान घालून दगड चावत होतं, आणि तो दगड मी कापला होता.

आईनं तोंडाला पदर लावला. बोटांनी काहीतरी काढलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. कोणी पाहिलं नाही असं तिला वाटलं. तिच्या खालच्या जबड्यात चारच दात उरले होते. आता तीन.

तीन रोट उरले होते. ते मी माझ्या पानात ओढले. आई म्हणाली, "बस व्हयनं रे, दूधमा भिजाडीसन खाऊ." मी ऐकलं नाही. जे ऐकायचं होतं ते तरी कुठं ऐकलं होतं?

सोमवारी कानबाईला निरोप देऊन परततानाच मी भिकुबाईच्या वस्तीकडे गाडी वळवली. ती एका पाट्याला टाकी लावत बसली होती. मला पाहताच पिशवी घेऊन गाडीवर मागं बसली.

घरी येऊन तिनं वरची तळी उलटी केली आणि आजाऱ्याच्या पाठीवर फिरवावीत तशी बोटं फिरवली.

"कोणी मारलं हिला एवढं?"

आई पटकन म्हणाली, "जुनं व्हयनं आते जातं, बाई. झिजनं."

"मी," मी म्हणालो. "मी मारलं."

भिकुबाईनं वर पाहिलं नाही. दुपारभर ती टकटक करत राहिली. एक घाव, मग थांबणं, कान देणं, मग दुसरा घाव. रेघा खोल गेल्या होत्या. त्या काढायला बोटभर दगड उतरवावा लागला.

"दहा-बारा वर्षं अजून चाललं असतं," उठताना ती म्हणाली. "आता तीन-चार काढील."

आईनं बोटांवर काहीतरी मोजलं.

"ओंजळभर ज्वारी आणा दादा."

मी ज्वारी आणली. ती खुंट्याला हात घालणार तेवढ्यात मीच खाली बसलो आणि फिरवू लागलो. पीठ राखेसारखं पडलं. चिमटीत घेतलं तर बोटांना कण टोचले.

"हे तू नेतेस ना दरवर्षी?" मी विचारलं. "काय करतेस याचं?"

"नाल्याकाठी मुंग्यांना टाकते. टाकीनंतरचं पहिलं पीठ माणसाच्या पोटात जायचं नाही. आणि घरधन्यासमोर अन्न कसं टाकायचं? म्हणून पदरात बांधते." तिनं हात झटकले. "मुंग्या पीठ नेतात, दगड ठेवतात. त्यांना कळतं."

तिनं पदर पुढं केला. मी म्हणालो, "मी टाकतो, मावशी."

सूप घेऊन मी नाल्याकडे निघालो. मागून आईचा आवाज आला. रिकामं जातं फिरवून पाहत होती बहुतेक. भिकुबाईची ओवी होती, हळू, पडलेल्या दाताच्या फटीतून वारा गळत होता. 'दात' या शब्दापाशी ती जरा अडखळली आणि पुढं गेली.

मी नाल्याकाठी उकिडवा बसलो आणि चिमटीचिमटीनं पीठ टाकू लागलो. मुंग्या आल्या. पिठाचा एकेक कण उचलून नेऊ लागल्या. सूप रिकामं झालं तरी मला उठवेना.