सरजाबाईचा सवाल

"सगळं वाचा. मधलं काई सोडू नका," सरजाबाई म्हणाली आणि अंगणवाडीच्या ओट्यावर पाय दुमडून बसली. मुलांच्या खिचडीची पातेली तिने नुकतीच घासून पालथी घातली होती. तिचे हात अजून ओले होते.

समोर बसलेली अर्पिता वकील होती. परभणीहून एसटीने सोनपेठ आणि तिथून ऑटोने ती या गावात आली होती. तिने वकीलपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"यात जमिनीचं काय हाय का?"

"नाही, मावशी."

"घराचं?"

"नाही. तुमच्या वतीनं आम्ही कोर्टात बोलायचं, एवढंच आहे."

"म्हंजे मी न्हाई बोलायचं?"

"तुम्हाला बोलायचं असेल तर मी तशी परवानगी मागेन."

सरजाबाईचा कुणावर सहजासहजी विश्वास बसत नसे. गोड बोलणाऱ्यावर तर नाहीच. गायरानाची पट्टी नावावर करून देतो म्हणून तिच्या सासऱ्याचा अंगठा एका भल्या माणसाने घेतला होता. पट्टी कुणाच्या नावावर गेली, ते घरात शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून कागद दिसला की तिच्या कपाळावर आठी चढायची.

तिचा नवरा तात्याराव सोनपेठच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी, रात्रीसुद्धा भिंतींची धग जात नव्हती अशा आठवड्यात, भर दुपारी हळदीची पोती ट्रकमध्ये चढवताना तो पडला. दवाखान्यात नेलं तेव्हा अंगाला हात लावला तर चटका बसत होता आणि घामाचा टिपूस नव्हता. डॉक्टर उष्माघात म्हणाले. सरजाबाईने तेही लगेच मानलं नाही. उन्हानं मरायला तो काही नाजूक माणूस नव्हता. जन्म उन्हातच गेला होता त्याचा.

आणि आता ही पोरगी सांगत होती, की परदेशातली एक कंपनी वर्षानुवर्षं कोळसा आणि तेल विकते, त्याच्या धुरानं जगभरचं ऊन वाढलंय, म्हणून तिच्यावर तिच्याच देशातल्या कोर्टात दावा लावायचा. दाव्यात पुरात शेत वाहून गेलेले लोक आहेत, उन्हात माणूस गमावलेले लोक आहेत. तात्यारावची बातमी पेपरात आली होती, तिथून अर्पिताला हे घर सापडलं.

"धूर तर माझ्या चुलीचा बी हाय," सरजाबाई म्हणाली.

"आहे. पण तुमच्या चुलीनं ऊन वाढतं हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? त्यांना त्यांच्याच शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं. फार आधी. त्यांनी ते दाबून ठेवलं आणि लोकांना उलटं सांगितलं, असं आमचं म्हणणं आहे."

"माहीत असून?"

"हो. माहीत असून."

सरजाबाईने ओले हात पदराला पुसले. मग तिने विचारलं, "जिंकताल का तुमी?"

"माहीत नाही. बहुतेक नाही."

या बाईच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य सरजाबाईला खरं वाटलं. तरी तिने सही केली नाही. "कागद ठेवून जा," म्हणाली.

गावात बोलणं सुरू व्हायला वेळ लागला नाही. सरजाबाईला फॉरेनचा पैसा येणार, असं पिठाच्या गिरणीवर कुणीतरी म्हणालं आणि संध्याकाळपर्यंत ते तिच्या दारात पोचलं. पुण्यात गोडाऊनमध्ये कामाला असलेला तिचा मुलगा सिद्धोधन फोनवर म्हणाला, "माय, सही करू नको. हे लोक येतात, फोटो काढतात, नंतर वळखतबी न्हाईत."

"मला काय येडी समजतूस का?" ती म्हणाली. कागद तिने पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला.

मग एक दिवस पांढरी गाडी आली. गाडीवर काही लिहिलेलं नव्हतं. उतरलेला माणूस शहरी, हसरा, पन्नाशीचा. आरोग्याचा सर्व्हे करतोय म्हणाला.

"कोन्या दवाखान्याचा?"

"खाजगी संस्था आहे, ताई." त्याने पाण्याचा गिलास घेतला, पण तो तसाच खाली ठेवला. "मुलगा पुण्यात ना तुमचा? चाललंय ना बरं?"

सरजाबाईने मुलाचं नावही काढलं नव्हतं.

"आणि तात्याराव... थोडी घेत होते का? दुःखाची गोष्ट आहे, पण नोंद करावी लागते."

"तुमाला कुनी पाठवलं?"

"म्हटलं ना, सर्व्हे आहे."

"मंग शेजारच्या घरी बी जाताल ना?"

तो हसला, हो म्हणाला आणि गाडीत बसून सरळ सोनपेठच्या रस्त्याला लागला. शेजारच्या घरी गेला नाही. त्याला कुणी पाठवलं होतं ते पुढेही कधी उघड झालं नाही.

बाजाराच्या दिवशी सरजाबाई सोनपेठला गेली. भाजी न घेता सरळ मोंढ्यात गेली. हमालांचा मुकादम लिंबाजी पोत्यांच्या थप्पीला टेकून तंबाखू मळत होता. तिला पाहून तो उठला, पण नजर दुसरीकडेच होती.

"पांढऱ्या गाडीवाला तुज्याकडं आलता?"

"आलता."

"काय इचारलं?"

"तात्या पिऊन होता का म्हून."

"तू काय सांगितलंस?"

लिंबाजीने तंबाखू तशीच मुठीत धरली. "म्हनलं, असंल बी. मला काय ठाव."

"तुज्या मांडीवर डोकं होतं त्याचं. तूच पानी पाजलंस. तोंडाला वास होता का?"

"न्हवता."

"मंग?"

"वैनी, त्या दिवशी दुपारचं काम मीच चालू ठेवलतं. तात्या म्हनला होता, जरा सावलीत बसू. ट्रक निघायचा होता, मी न्हाई म्हनलो." त्याचा आवाज खाली गेला. "उद्या कोर्टात निघालं तर ते कंपनीला कशाला धरतेत? मलाच धरतील. गरिबाची मानगूट हाताजवळ असती."

सरजाबाईला हे ठाऊक नव्हतं. ती थप्पीला धरून खाली बसली. तात्याराव सावली मागत होता, हे तिला इतक्या दिवसांनी कळत होतं. लिंबाजीने पाणी आणून दिलं. ती ते प्यायली नाही. पण ती उठून गेलीही नाही.

"तुजं मी बघीन नंतर," अखेर ती म्हणाली. "पन तुला एकट्याला धरायला कोन गाडी करून इतक्या लांब येतंय?"

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती तोच विचार करत राहिली. दाव्यात काही दम नसता, तर मेलेल्या हमालाच्या तोंडाला वास होता का, हे हुडकत कुणी हिंडलं नसतं. वकीलबाईवर तिचा अजून पुरता विश्वास नव्हता. पण कुणीतरी आपल्याला भितंय, हे तिच्या लक्षात आलं. आजवर तिला कुणी भ्यालं नव्हतं.

घरी आल्यावर तिने पेटी उघडली आणि अर्पिताला फोन लावला. "सही करते. पन मला बोलू द्यायचं."

पुढच्या हिवाळ्यात तिच्या साक्षीची वेळ आली. परभणीला अर्पिताच्या ऑफिसात मोठा पडदा लावला होता. पडद्यावर एका चौकटीत न्यायाधीश, दुसरीत कंपनीचे वकील, तिसरीत पुस्तकी मराठी बोलणारी दुभाषी बाई. सिद्धोधन पुण्याहून आला होता आणि दाराशी उभा होता. लिंबाजीही येतो म्हणाला होता. तो आला नाही.

कंपनीच्या वकिलाने तोच प्रश्न विचारला. दुभाषी बाई म्हणाली, "आपले पती मद्यपान करीत असत काय?"

अर्पिताने मान वर केली. सरजाबाई म्हणाली, "घ्यायचे. कुनाच्या लग्नात, जयंतीला. त्या दिवशी न्हाई."

"आमच्या कंपनीचं नाव आपणास कोणी सांगितलं?"

"ह्या वकीलबाईनं."

"म्हणजे त्यापूर्वी कंपनीविरुद्ध आपली काहीही तक्रार नव्हती?"

"नावच ठाव न्हवतं. तक्रार कुनाची करनार?"

दुभाषी बाईने ते सांगितलं तेव्हा न्यायाधीशाने चष्मा काढून सरजाबाईकडे पाहिलं.

"मला एक इचारायचंय," सरजाबाई म्हणाली. परवानगी मिळाली. "माज्या मालकानं सावली मागितली, मुकादमानं दिली न्हाई. त्याचं मी त्याला इचारीन, तो माज्या गावाकडचा हाय. तुमी लांब ऱ्हाता, म्हून हितं इचारते. ऊन असं वाढनार हाय, हे तुमाला माहीत होतं का?"

कंपनीचा वकील कागद चाळत राहिला. मग म्हणाला, याचं उत्तर लेखी दिलं जाईल.

"हो का न्हाई, एवढंच हाय."

"लेखी दिलं जाईल," दुभाषी बाई पुन्हा म्हणाली.

निकाल उन्हाळ्यात लागला, तोही अर्धा. दावा ऐकण्यासारखा आहे, कंपनीने काय माहीत होतं ते कोर्टापुढे मांडावं, असं न्यायाधीशाने म्हटलं. कंपनी वरच्या कोर्टात अपिलात गेली. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. अर्पिताने हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचाच आवाज थकलेला होता. लिंबाजी मोंढ्यात आता भर दुपारी काम बंद ठेवतो म्हणतात. सरजाबाई तिकडे बघायला गेलेली नाही.

गावात कुणी खटल्याचं विचारलं, तर ती यातलं फारसं काही सांगत नाही. साक्षीच्या दिवशी शेवटी काय झालं, तेवढं सांगते.

कामकाज संपत आलं होतं. मयताचं नाव नीट लिहून घ्यायचं आहे, असं न्यायाधीश म्हणाला. त्याने समोरचं वाचून पाहिलं. ते भलतंच काहीतरी निघालं. दुभाषी बाई सांगायला लागली, तर त्याने हात वर करून तिला थांबवलं आणि सरजाबाईलाच विचारलं.

"तात्याराव किसन वाव्हळे," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिने आजवर असं चारचौघांत घेतलं नव्हतं.

न्यायाधीशाने म्हणून पाहिलं. आडनावाशी अडला. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश. तो पुन्हा चुकला, कसनुसा हसला आणि ओठ जुळवत परत म्हणायला लागला. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत बसली. या वेळी नाव नीट निघालं.

सरजाबाईने मान डोलावली, तेव्हाच त्याने लिहून घेतलं.