अकरांतला एक

"एकशे बत्तीस किलो? छे हो, काहीतरी चुकतंय. आमचा कधी पासष्टच्या वर गेला नाही."

विमानतळाच्या मालविभागातल्या खिडकीपाशी ती बाई कागद हातात धरून उभी होती. आतल्या कारकुनाने मानसुद्धा वर केली नाही. "पेटीसकट असतं, मॅडम. इथे सही करा."

"पण एकदा नीट बघा ना. दुसऱ्या कुणाचा कागद आला असेल."

तिच्या आवाजात आशा होती. तीच तिच्यामागे उभ्या असलेल्या गाडीवाल्या मामांना ऐकवेना. ते पुढे झाले.

"ताई, आत जस्ताची पेटी असते, वर लाकडाची, तिच्यावर गोणपाट. सगळं धरून वजन करतात. तुम्ही फक्त नाव आणि पासपोर्टचा नंबर जुळतोय का ते बघा."

तिने बघितलं. जुळत होता. मग तिने सही केली, एकेक अक्षर सावकाश काढत.

मामा शववाहिका चालवत. परदेशात कामाला गेलेली माणसं पेटीतून परत आली, की विमानतळावरून त्यांना त्यांच्या घरी पोचवायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. हमाल, पहारेकरी, कारकून सगळे त्यांना मामाच म्हणत. खरं नाव फक्त गाडीच्या परवान्यावर उरलं होतं. इतकी वर्षं गाडी हाकली म्हटल्यावर कुणालाही वाटलं असतं, या माणसाने जग पाहिलं असेल. पाहिलं होतं ते एवढंच: गावाची वेस, गर्दी, एक उघडं दार. गाडी दिसली की हंबरडा फुटायचा, पेटी उतरायची आणि मामा गाडी वळवायचे. शेकडो गावं त्यांना माहीत होती, पण हसणारं एकही नाही.

एरवी पेटी न्यायला चार-पाच पुरुष येत. ही एकटीच आली होती. पंचेचाळिशीची, काटकुळी, खांद्याला कापडी पिशवी. पेटीत होता तो तिचा धाकटा भाऊ.

गाडी शहराबाहेर पडली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

"किती वेळ लागेल हो?"

"सहा तास. सावकाश गेलो तर सात."

"सावकाशच जाऊ," ती म्हणाली. मग पाठीमागच्या छोट्या काचेतून आत डोकावली. "आम्ही दोघं पहिल्यांदाच एकत्र एवढ्या लांब चाललोय. दर खेपेला म्हणायचा, ताई, पुढच्या सुट्टीत तुला समुद्र दाखवतो. सुट्टी पंधरा दिवसांची. त्यातले दहा घराचं छप्पर दुरुस्त करण्यात जायचे."

मामांचा अनुभव असा होता, की माणसं पहिला तासभर बोलतात आणि मग त्यांचं बोलणं आटतं. हिचं आटेना. भाऊ आठ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, आई दिवसभर कामावर. त्यामुळे त्याला कडेवर घेऊन हिचं बालपण सरलं. स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याचं करायचं करायचं म्हणता तेही राहिलं. ती घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. तो बंदरावर क्रेन चालवायला गेला. चौदा वर्षांत चार देश झाले.

"पहिल्यांदा गेला तेव्हा तो देश कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मग लागले रोज बातम्या ऐकायला. पाय मशीनवर, कान रेडिओला. कुठे वादळ आलं, कुठे संप झाला, कुठली लढाई कुठवर पोचली, सगळं तोंडपाठ. गल्लीतल्या बायका मला 'जागतिक बातम्या' म्हणतात. कपडे शिवायला टाकायला आल्या की विचारायच्या, काय गं, जग ठीक आहे ना? मी म्हणायचे, आमचा आहे तेवढं ठीक आहे, बाकीचं तुमचं तुम्ही बघा!"

मामांना हसू आलं, आणि आलं याची लाज वाटली.

ती मात्र थांबली. उजव्या हाताच्या बोटावरची पट्टी चाचपत म्हणाली, "अठरा दिवस झाले. गोदामात स्फोट, अकरा परदेशी कामगार ठार. बंदराचं नाव ऐकलं आणि सुई बोटातून आरपार गेली. मी मनाला म्हटलं, अगं, तिथे हजारो माणसं आहेत, अकरांत आमचाच कशाला असेल? दोन दिवस तेच घोकत होते. काय चुकीचं होतं का हो माझं?"

"नाही, ताई."

"तेच म्हणते मी."

पुढे बराच वेळ रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंनी कोरडी, पिवळी पडलेली जमीन, मधूनच एखादी वीटभट्टी. ऊन वर चढलं तशी तिने पिशवीतली बाटली काढून दोन घोट पाणी प्यायलं आणि गाडीतल्या घड्याळाकडे बघितलं.

"दीड वाजतोय. बातम्या लावता?"

मागे पेटी असली की मामा रेडिओ लावत नसत. "नको, ताई."

"लावा हो. रोजचं आहे माझं."

त्यांनी लावला. कुठल्या तरी परिषदेत करार झाला नव्हता. कुठे निवडणूक होती, कुठे उष्णतेची लाट. ती मान किंचित कलती करून ऐकत होती. अगदी शेवटी निवेदक म्हणाला, की स्फोटानंतर बंद असलेलं ते बंदर आजपासून पुन्हा सुरू झालं असून तेलाचे भाव स्थिर झाले आहेत. त्यानंतर खेळाच्या बातम्या लागल्या.

"स्थिर झाले म्हणे," ती म्हणाली.

मामांनी रेडिओ बंद केला.

दोन-तीन मैल गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "बरं झालं. नाहीतर तुमचं डिझेल महागलं असतं."

मामांनी पुढची झाडाची सावली बघून गाडी बाजूला घेतली. शेजारी एक चहाची टपरी होती. ते चहा घेऊन आले तर ती गाडीच्या मागे उभी.

"दार उघडा जरा."

त्यांनी उघडलं. वाटेतल्या हादऱ्यांनी पेटीवरचं गोणपाट एका कोपऱ्याला उसवलं होतं. तिने ते बोटांनी उचलून बघितलं. "टाके बघा कसे घातलेत. वीत वीत लांब. ज्याने घातले त्याला मेली कसली घाई होती!"

"एका दिवसात अकरा पेट्या शिवायच्या होत्या, ताई, त्याला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग मान हलवली. "हो. तेही खरंच."

तिने पिशवीतून दाभण आणि जाड दोऱ्याचं रीळ काढलं. "असा उसवलेला घरी कसा नेऊ? आईला दिसत नाही, पण ती हात फिरवणार. हा कोपरा ओढून धरता का?"

मामा आत चढले. हा असा हात त्यांनी कधी पेटीला लावला नव्हता. त्यांनी गोणपाट ताणून धरलं आणि ती गुडघ्यांवर बसून शिवू लागली. बारीक, एकसारखे टाके. प्रत्येक टाक्याला दोरा ओढताना खस्स असा आवाज व्हायचा. शेवटची गाठ मारून तिने दोरा दातांनी तोडला. तेव्हा तिचं कपाळ पेटीला टेकलं आणि क्षणभर तिथेच राहिलं.

ती खाली उतरली तेव्हा शेजारी शाळेच्या सहलीची बस येऊन थांबली होती. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आलेली. मुलं दिसेल त्याला हात हलवत होती. चहावाल्याला, ट्रकवाल्याला, टपरीमागच्या कुत्र्यालासुद्धा. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी हिच्याकडे बघून ओरडली, "टाटा! तुम्ही कुठे चाललाय?"

दाभण हातात तसंच होतं. तोच हात तिने वर केला.

"घरी!"

"आम्ही समुद्र बघायला!"

बस हलली. मुलगी मागे वळून वळून हात हलवत होती आणि हीसुद्धा, बस दिसेनाशी होईपर्यंत. मग ती गाडीच्या मागच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. सकाळपासून पहिल्यांदाच. मामा उघड्या दाराच्या आडोशाला, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, कुणाला ती दिसू नये म्हणून.

थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. "बरं वाटलं हो त्या पोरीला बघून. खरंच बरं वाटलं. त्याचंच रडू आलं बघा." आणि गार झालेला चहा तिने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

दिवस मावळायच्या आत ते पोचले. पुढचं सगळं मामांना पाठ होतं. अरुंद गल्ली, धावत आलेली माणसं, हंबरडा. पेटी घरात नेऊन ठेवली. ते गाडीकडे वळणार एवढ्यात कुणीतरी हाक मारली, "ओ, आई बोलावतायत."

म्हातारी पेटीशी बसली होती. डोळ्यांवर दुधाळ साय. तिचे हात गोणपाटावरून फिरत होते. एका कोपऱ्याशी थांबले. "हा तुझा टाका," ती लेकीला म्हणाली. मग तिने चेहरा वर केला. "याला आणलं कुणी?"

"मी, आई," मामा म्हणाले.

"प्रवास नीट झाला ना?"

"झाला. सावकाश आलो. कुठे धक्का लागू दिला नाही."

"लहानपणी त्याला गाडी लागायची. खिडकीशी बसवलं की मग गप्प राहायचा."

मामा तिच्याजवळ वाकले. "खिडकीशीच होता, आई."

म्हातारीने समाधानाने मान हलवली. अंदाजाने हात पुढे केला. तो मामांच्या मनगटावर पडला. "तू आता जपून जा, बाळा. पोचलास की कळव."

बावीस वर्षांत त्यांना पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं होतं. कुणी हात जोडले होते, कुणी रागाच्या भरात शिव्याही दिल्या होत्या. पण हे असलं काही बायको गेल्यापासून त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जागेवर लावून मामांनी पाइप जोडला आणि मागचा भाग धुवायला घेतला. गोणपाटाचे चार धागे फळीला चिकटले होते, तेवढे हाताने काढले. मग एकाएकी त्यांनी पाइप खाली टाकला, ओले हात सदऱ्याला पुसले आणि खिशातल्या कागदावरचा नंबर शोधून फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"हॅलो?" तिचा आवाज बसलेला होता.

"मी, गाडीवाला."

"बोला, दादा. काही राहिलं का?"

"नाही, नाही. पोचलो. आईंना सांगा."

पलीकडे पावलं वाजली, आणि तिने जरा मोठ्याने कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं, "आई, पोचले गं ते."

त्यावर म्हातारी काहीतरी म्हणाली. ते मामांना नीट कळलं नाही. पण फोन कानाला धरून ते तसेच उभे राहिले, आणि पाइपातलं पाणी त्यांच्या पावलांवरून वाहत राहिलं.