एमिलची दुनळी

लिलाव पुकारणारा लेरॉय गाड्यावर उभा राहून नुकत्याच वारलेल्या एमिल ओख्स्नरची दुनळी बंदूक उंच धरून दाखवत होता, तेव्हा रुबेन हेफ्नर चर्चच्या बायकांच्या टेबलापाशी सूप पीत उभा होता. लेरॉयचा आवाज कानावर पडला तसा तो सुपाची वाटी हातात घेऊनच धावला. एकाहत्तराव्या वर्षी माणूस धावतो म्हणजे काय, तर कोपरं जोरात हलवत चालतो.

ती बंदूक त्याच्या डोळ्यांत भरली त्याला चाळीस वर्षं झाली होती. सोळा बोअरची, शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन चाप, अक्रोडाचा दस्ता हाताळून हाताळून मधासारखा झालेला. दर हिवाळ्याच्या तोंडाला तो आणि एमिल पाणथळाच्या कडेनं फेझंट पक्षी उठवत चालायचे. एमिलची दुनळी खांद्याला लागायची ती जणू आपल्या आपण. रुबेनजवळ होती ती एकनळी, खटक्याची, लोखंडी पाइपासारखी जड. शेजाऱ्याच्या बायकोकडे बघू नये एवढं त्याला कळत होतं. बंदुकीकडे बघायला कुणी मनाई केली नव्हती.

त्यानं बोलीची पाटी वर केली.

लेरॉय पुकारता पुकारता थांबला. एरवी तो श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही. "रुबेन, नक्की?"

"नक्की म्हणजे? एल्विराला विचारून येऊ काय?"

बायकोवरच्या या विनोदाला कुणी हसलं नाही. लेरॉयनं गर्दीच्या मागच्या बाजूला एकदा पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली, मग हातोडा आपटला. रुबेनच्या बोलीपुढं कुणी बोललंच नाही. रुबेनला वाटलं, काय नशीब! बंदूक हातात घेतली तेव्हा सूप कोटावर सांडलेलं होतं तेही त्याला कळलं नाही.

आठवड्यानं धान्याच्या कोठारावर कॉफी पिताना विल्बर्टनं विषय काढला. विल्बर्ट म्हणजे रुबेनचा शाळेपासूनचा सोबती, तोंडाचा फटकळ. पण त्या दिवशी तोही कपात बघून बोलत होता.

"तुला खरंच दिसली नाही का रे ती?"

"कोण?"

"डोनेटा. एमिलची पोरगी. ट्रॅक्टरच्या चाकापाशी उभी होती. तुझ्या आधीची बोली तिची होती."

रुबेननं कप खाली ठेवला. त्या भागात आईबाप गेले की भावंडांत वाटणीवरून भांडण नको म्हणून सगळं सामान लिलावाला काढतात. ज्याला जी आठवण हवी त्यानं तिथंच बोली लावून घ्यायची. आणि घरचं माणूस बोललं की बाकीच्या गावानं हात खिशात घालायचे. हे कुणी शिकवत नाही. रुबेननं स्वतः पन्नास लिलावांत हात खिशात घातले होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" तो ओरडला.

"आम्हाला वाटलं तू बघून केलंस. एमिलचा एवढा दोस्त, तुमचं आपसात काही ठरलं असेल."

"आणि ती?"

"तिनं तुला बघितलं आणि पाटी खाली घेतली."

येत्या शनिवारी अ‍ॅबरडीनला डोनेटाच्या घरी जाऊन बंदूक देऊन यायची, असं रुबेननं घरी येताना गाडीतच ठरवलं. पण शनिवारी शिकारीचा हंगाम उघडत होता. एकदा, फक्त एकदा ती चालवून बघू, मग रविवारी देऊ, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं होतं. कुत्री पाणकणसांत शिरली आणि दोन नर एकदम उठले, एक उजवीकडं, एक डावीकडं, लांब शेपट्या उन्हात तांब्यासारख्या. रुबेननं विचार केलाच नाही. पुढचा चाप, मागचा चाप. दोन्ही पक्षी पडले. जन्मात त्याला असं कधी जमलं नव्हतं. तो बंदूक उघडून धूर हुंगत उभा राहिला आणि पोरासारखा मोठ्यानं हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की ही जागा एमिलच्या पाणथळाची आहे, आणि त्यानं हसू गिळलं.

रविवारी चर्च होतं. पुढच्या आठवड्यात सूर्यफुलाची कापणी होती. त्यापुढच्या आठवड्यात बर्फ पडलं आणि बर्फात तर फेझंट फार छान दिसतात.

गावात कुणी शब्द काढला नाही. तेच जड जात होतं. पूर्वी सोमवारी कॉफीवर "किती मारलेस, म्हाताऱ्या?" असं सगळे विचारायचे. आता हवेबद्दल बोलायचे. एल्विरा पक्षी साईत शिजवायची, त्याच्या ताटात वाढायची आणि स्वतः नुसते बटाटे घ्यायची.

"तुला नको?"

"भूक नाही."

एक अडचण मात्र होती. एमिल सहा फुटांच्या वर होता आणि दस्ता त्याच्या मापाचा. रुबेनच्या जाड कोटात तो काखेत अडायचा. नोव्हेंबरच्या एका दुपारी रुबेननं बंदूक शेडमध्ये शेगड्याच्या पकडीत अडकवली, लाकूड फुटू नये म्हणून भोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि बारीक दातांची करवत काढली. दस्ता इंचभर कापायचा. करवत लाकडावर टेकवली तेव्हा त्याला मनात स्वच्छ ठाऊक होतं की आपण मापासाठी कापत नाही आहोत. एकदा कापली की परत द्यायचा प्रश्नच मिटला. कापलेली वस्तू कोण कुणाला परत देतो?

एल्विरा दारात येऊन उभी राहिली. "कुणाची कापतोयस?"

"माझी."

"तुझी म्हणून कापतोयस, की कापून तुझी करतोयस?"

त्यानं करवत ओढली. ती तशीच घरात गेली. करवतीचा भुसा गडद होता आणि त्याला वास गोड येत होता.

त्यानंतर बंदूक अशी बसली की विचारू नका. डोळे मिटून खांद्याला लावली तरी नळ्या पक्ष्याकडंच. त्या हिवाळ्यात रुबेननं जेवढी शिकार केली तेवढी तिशीतही केली नव्हती, आणि एकही रात्र त्याला धड झोप लागली नाही.

जानेवारीत हंगाम संपला. दुसऱ्या सकाळी तो उठून तयार झाला, बंदूक गोधडीत गुंडाळली आणि एल्विराला म्हणाला, "अ‍ॅबरडीनला जाऊन येतो."

"रस्त्यावर बर्फ आहे, हळू जा," ती म्हणाली. एवढंच. पण थर्मासमध्ये कॉफी आधीच भरून ठेवलेली होती.

डोनेटा दवाखान्यातली कामाची पाळी संपवून नुकतीच आली होती. बापासारखीच उंच, रुंद खांद्यांची. दारात रुबेन आणि त्याच्या हातातली लांब गोधडी बघून ती बाजूला झाली.

"या. हंगाम संपला वाटतं?"

हे त्याला सणकून लागलं. लागायलाच हवं होतं.

"मला त्या दिवशी तू दिसली नाहीस," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "देवाशपथ."

"मला तेच वाटलं होतं. नाहीतर बाबांनी तुम्हाला शब्द दिला असेल. बाबा म्हणायचे, रुबेन दुसऱ्याच्या शेतातलं कणीससुद्धा तोडणार नाही. म्हणून मी पाटी खाली घेतली. तुमच्यासमोर पाटी धरायची मला लाज वाटली."

इथं त्याला वाट सापडली होती. नुसतं हो म्हणायचं होतं, एमिलनं शब्द दिला होता म्हणायचं होतं. मेलेला माणूस काय सांगायला येतो? रुबेननं गोधडी तिच्या हातात दिली.

"शब्द बिब्द काही नव्हता," तो शेवटी म्हणाला. "मला हवी होती, झालं. आणि दिसली नव्हतीस हे फक्त पहिल्या आठवड्यापुरतं. विल्बर्टनं सांगितलं तेव्हा हंगाम उघडायचा होता. तेव्हापासून मला माहीत आहे."

डोनेटानं गोधडी उलगडली. दुनळी उघडून नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मिटली आणि खांद्याला लावली. दस्ता आखूड पडून तिची मान पुढं गेली, अंगठा नाकाला टेकला. तिनं बंदूक खाली घेतली, दस्त्याच्या कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"कधी?"

"कळल्यानंतर."

स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता. डोनेटानं बंदूक कपाटात उभी केली, कपाट लावलं, पण त्याच्याकडं वळली नाही. ती रडते आहे की काय, हे बघायची त्याची छाती झाली नाही. त्यानं टोपी डोक्यावर चढवली.

"बसा," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आलात आणि कॉफी न घेता जाणार? आई थडग्यातून उठून येईल."

"नको गं. मला नाही..."

"बसा म्हटलं ना."

तो बसला. तिनं कॉफी ओतली, आलुबुखाराचा कूखेन, त्यांच्याकडचा सायीचा केक, कापून पुढं ठेवला. ताट सरकवलं ते जरा जोरातच. त्यानं एक तुकडा संपवला, तिनं न विचारता दुसरा वाढला. नाही म्हणायचा आपल्याला आता हक्क उरलेला नाही, असं वाटून तो तोही खाऊ लागला. साय, साखर, दालचिनी, आणि त्याला कशाचीच चव लागत नव्हती.

"कशी चालते?" तिनं विचारलं.

"काय?"

"बंदूक. मला बाबांनी एकदाच चालवायला दिली होती. सांगा की. कशी चालते?"

खोटं बोलणं बरं झालं असतं. बोजड आहे, जुनी झाली आहे, असं काही. पण आज तेवढं एक त्याच्याच्यानं होईना.

"फार सुंदर," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी पाणथळात गेलो. कुत्री आत शिरली, आणि दोन नर, एक इकडं, एक तिकडं..."

तो सांगत गेला. सांगता सांगता त्याचे हात वर आले, डावा तळवा नळ्यांखाली, उजव्याचं बोट चापावर, आणि मान तिरकी झाली. आवाजात तोच हर्ष आला जो त्या सकाळी आला होता. मग समोर बसलेली डोनेटा त्याला दिसली. हात मांडीवर घेऊन ती त्याच्या हातांकडं टक लावून पाहत होती. त्याचे हात हवेतच थिजले, हळूहळू खाली आले.

"थांबलात का?" ती म्हणाली. डोळे ओले होते, आवाज मात्र कठोर. "उजवीकडचा पडला. मग?"

सगळी कहाणी तिला हवी होती, आणि ती सांगायला त्याच्याखेरीज दुसरं कुणी नव्हतं. त्यानं हात पुन्हा उचलले.