पंचमीचा केशरी

जगन्नाथ लेल्यांनी धुळवडीला दारच उघडलं नाही. भुसावळहून बदली होऊन झाशीच्या रेल्वे कारखान्यातल्या प्रयोगशाळेत आलेला हा रसायनांचा माणूस. नगरा मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांनी दार ठोठावलं, तर हा आतूनच म्हणाला, "हमारे यहाँ रंग पंचमी को होता है. तब आइए, सब लोग!"

"ज़रूर भैया, ज़रूर," म्हणत मंडळी हसत पुढे गेली. लेल्यांनी ते खरं मानलं आणि तिथेच बिचारे फसले.

पंचमीला रजा टाकून त्यांनी रंग करायला घेतला. पुस्तकातली रीत म्हणजे नुसता थाट: एक भांडं बर्फात, दुसरं बाजूला, मग थेंब थेंब ओतत बसा. पण बायको, वसुंधरा, गेल्यापासून लेले डाळ, तांदूळ, भाजी एकाच पातेल्यात शिजवत. घासायला एकच भांडं. मग रंगाचेच लाड कशाला? एका वेगळ्या इनॅमलच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यांनी सल्फॅनिलिक आम्ल, नायट्राइट, नॅफ्थॉल सगळं एकदमच टाकलं आणि ढवळत राहिले. बघता बघता पातेलं भडक केशरी झालं. लेले एकटेच "वा!" म्हणाले.

रंग बादलीत कालवून, पांढरा सदरा चढवून ते ओसरीवर बसले. गल्लीतून माणसं धुतलेल्या कपड्यांत कामाला निघाली होती. नमस्ते सगळ्यांनी केलं, थांबलं कुणी नाही. इथली होळी केव्हाच आटोपली होती.

लेले आधी चिडले. दुपारपर्यंत चीडही ओसरली आणि फार एकटं वाटू लागलं. त्यांना रंगाचं काय कौतुक! कुणीतरी न विचारता अंगाला हात लावावा, एवढंच हवं होतं. वसुंधरा दर पंचमीला मागून येऊन त्यांच्या पाठीवर ओला पंजा उमटवायची आणि ते दर पंचमीला तिच्यावर रागवायचे.

शेवटी त्यांनी आपल्याच हातांनी गाल माखले, सदऱ्याची छाती माखली.

संध्याकाळी शेजारचे गार्ड चौबेजी कंदील घेऊन ड्यूटीवर निघाले. "अरे वाह, खूब रंगे हो भैया! कौन-कौन आया था?"

"सब आए थे," लेले म्हणाले. "अभी-अभी गए." आणि घाईघाईने वळून आत शिरले.

दार लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पाठ कोरी होती, पांढरीशुभ्र, आणि ती चौबेजींनी पाहिली होती. बाहेर त्यांची पावलं अजून हलली नव्हती. लेले ती कोरी पाठ दाराला घट्ट लावून उभे राहिले.