झटकलेला डगला

मी एक जुना डगला आहे. रंगाने निळा, पण तो धुण्याच्या दिवशीच तेवढा दिसायचा. सध्या माझा मुक्काम एका वकीलबाईंच्या कपाटात, घट्ट बंद केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. मित्रांनो, पिशवीतूनच बोलतोय, तेव्हा आवाज घुसमटलेला वाटला तर समजून घ्या.

शिंप्याने मला इतर डगल्यांच्या गठ्ठ्यात शिवलं आणि कारखान्याने मला बाबांच्या अंगावर चढवलं. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. वाफेच्या नळांना ॲस्बेस्टॉसचा लगदा लिंपायचा, हे बाबांचं काम. कोरडी पोती उघडली की पांढरी धूळ उडायची आणि माझ्या शिवणींत, खिशांत, कॉलरखाली ठाण मांडून बसायची. कारखान्यात कपडे बदलायला खोली नव्हती की धुवायची सोय नव्हती. त्यामुळे मी बाबांबरोबर तसाच घरी यायचो. दारात लेक टाळ्या पिटायची, "आई, बाबा आज पुन्हा म्हातारे झाले!" मग ती बाबांची पांढरी मिशी बोटाने पुसून काळी करायची.

पुढे मी आईच्या ताब्यात. आईला स्वच्छतेचं भारी वेड! मागच्या अंगणात नेऊन ती मला खांद्यांना धरून अशी झटकायची की शेजारीण खिडकी लावून घ्यायची.

"अहो, कारखाना तिकडेच ठेवून या की!" आई म्हणायची.

"तुला एकटीला करमत नाही ना, म्हणून आणतो," बाबा म्हणायचे.

मग ब्रश, साबण, पिळणं, वाळवणं. फाटलो की ठिगळ. माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केली नाही.

बाबा निवृत्त झाले, पुढे म्हातारपणाने गेले. आईने मला टाकून दिलं नाही, पेटीत जपून ठेवलं. बरीच वर्षं गेली आणि ध्यानीमनी नसताना आईला धाप लागू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कुठे कामाला होतात का?"

"छे हो, मी घरीच असते," आई म्हणाली. झालं! साध्या खोकल्याची औषधं चालू राहिली. खरं दुखणं सापडलं ते फार उशिरा. फुप्फुसाच्या आवरणाला झालेला तो आजार ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा होता.

लेक मला पेटीतून काढून, पिशवीत घट्ट बांधून वकीलबाईंकडे गेली. कारखान्याने सरळ हात झटकले. म्हणे, या बाई आमच्याकडे एक दिवसही कामाला नव्हत्या. ही धूळ घातक आहे हे तिथल्या साहेबांना आधीच ठाऊक होतं. पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"भरपाईवर तुझा हक्क आहे, आई," लेक म्हणाली.

"मी काय केलंय गं, हक्क सांगायला?"

आईला खरोखरच तसं वाटत होतं, आणि मला त्याचीच भीती होती. न्यायालयातही तेच झालं. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करत होतात?"

"काही नाही, घरीच असते."

कारखान्याचे वकील गालातल्या गालात हसले. तेव्हा वकीलबाईंनी पिशवीसकट मला टेबलावर ठेवलं. "मावशी, हा घरी आला की तुम्ही काय करायचात?"

आईने मला पाहिलं. तिचे हात आपोआप उठले. रिकाम्या हवेतच तिने मला खांद्यांना धरलं आणि झटकलं. मग शिवणी कशा उलटायच्या, खिसे कसे खरवडायचे, सगळं ती धाप लागेपर्यंत सांगत राहिली. "असं रोज. ते कामाला होते तोवर रोज."

न्यायाधीश म्हणाले, "म्हणजे कारखान्याचे कपडे कारखान्याऐवजी तुम्ही साफ करत होतात."

निकाल आईच्या बाजूने लागला. ही धूळ कामगाराच्या घरी जाऊ न देणं हे मालकाचं कर्तव्य होतं, आणि ती ज्यांच्या छातीत गेली त्या घरच्या माणसांनाही भरपाई मिळालीच पाहिजे, असं न्यायाधीशांनी सांगितलं. आजार काही हटला नाही. पण उपचारांची काळजी मिटली, आणि लेकीचीही नियमित तपासणी सुरू झाली. बाहेर पडताना आई लेकीला म्हणाली, "ऐकलंस ना? मी कामाला होते!"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळे सांगतात. मी उलटं सांगतो. असा धुळीचा कपडा तुमच्या घरी येत असेल तर तो झटकू नका. हा कारखान्यातच का धूत नाहीत, असं विचारा. आणि माझी पिशवी कधीच उघडू नका, ती धूळ अजून माझ्या शिवणींत आहे. त्या दिवशी जाता जाता आई मला पिशवीवरून थोपटायला वळली, तेव्हा लेकीने तिचा हात धरला. मला फार वाईट वाटलं. पण लेकीने तो हात सोडला नाही, हे फार बरं झालं.