भारीतलं पेट्रोल

"धूर कुठाय?"

अनिता कढईत वडे सोडता सोडता थांबली. वळणावरून तिच्या वडिलांची, आबांची मोटारसायकल येत होती. हँडलला झेंडूचा हार, टाकी लख्ख पुसलेली आणि वर पांढऱ्या कुर्त्यातला तिचा धाकटा भाऊ रविराज. आवाज मात्र नेहमीचा नव्हता, कोरडा, टणटणीत. आणि मागं धुराचा पत्ताच नाही. एरवी ही गाडी रस्त्यावरून गेली की निळसर धूर बराच वेळ रेंगाळायचा. राहू गावात माणसं धुरावरनं गाडी ओळखायची.

"आगं, पाव्हणे आल्यात आन् तू धूर कसला बघतीस?" आई, साखरबाई, करवादली. "वडा करपला की!"

अनितानं झारा टाकला आणि ती अंगणातून पळत सुटली. "रव्या, बंद कर! क्लच दाब आन् बंद कर ती!"

रविराजला वाटलं, ताई कौतुकानं ओरडतेय. त्यानं एक हात वर केला आणि पाहुण्यांना आवाज ऐकवायला अ‍ॅक्सिलेटर आणखी पिळला. गाडीतून चिरका आवाज आला, मागचं चाक जागच्या जागी जाम झालं आणि रविराज गाडीसकट अंगणाच्या तोंडाशी आडवा झाला.

आबांच्या वर्षश्राद्धाला जमलेला सगळा गोतावळा त्याच्याकडं धावला. त्याची बायको पूनम हळद घेऊन आली. कोणी पाणी पाजलं, कोणी कुर्ता झटकला. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. अनितानं ते एका नजरेत बघितलं आणि ती गाडीपाशी गेली. उभी करून किकवर पाय दिला. किक तसूभर हलेना.

"आधी भावाला बघ की गं!" चुलते गेणबा तात्या म्हणाले. "गाडीचं काय घिऊन बसलीस?"

"भाऊ उभा हाय, तात्या. गाडी मेली." ती भावाकडं वळली. "रव्या, पेट्रोल कंचं घातलंस?"

"भारीतलं!" खरचटलेल्या हातावर फुंकर घालत रविराज म्हणाला. "तळेगावच्या पंपावरनं टाकी फुल्ल केली. आबांनी जन्मभर साधं घातलं. म्हटलं, आज त्यांच्या नावानं सगळ्यात महागाचं घालू."

"आन् आतलं?"

"ते सकाळीच ओतून टाकलं. हिरवट झालं होतं, चिकट. भेसळच असणार. टाकी धुऊन काढली मी, ताई."

अनिताची कानशिलं तापली. भेसळ! जुनी टू-स्ट्रोक गाडी ती. तिला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच पाजावं लागतं, त्याच ऑइलवर पिस्टन फिरतो आणि त्याचाच तो धूर. आबा पंपावर टाकी उघडायचे, पिशवीतून स्टीलचं फुलपात्र काढून ऑइल मापून ओतायचे, वर पेट्रोल घ्यायचे आणि दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवायचे. मागं रांगेतली माणसं कावायची. आबा म्हणायचे, "हिला जेवण कालवून लागतं, बाबांनो."

नवऱ्यानं टाकल्यावर अनिता माहेरी आली, तेव्हा लोकांनी नाना उपदेश केले. आबांनी फक्त फुलपात्र हातात दिलं. गुडघे गेल्यावर दुधाचा रतीब त्यांनी तिच्यावर सोपवला. तेव्हापासून कॅन लावून वस्तीवस्तीवरच्या गोठ्यांतलं दूध डेअरीला पोचवायचं काम तिचं. पहिल्यांदा माणसं हसली, मग हसायची थांबली. आबा खाटेवर पडून गाडीचा आवाज ऐकायचे आणि ती घरात आली की सांगायचे, "आज ऑइल कमी पडलंय, पोरी."

आणि हा वाघोलीहून सणावाराला येणारा भाऊ सकाळी म्हणाला होता, गाडी माझ्या बंगल्याच्या पोर्चमध्ये ठेवतो, पॉलिश करून, आबांची आठवण म्हणून. तुला स्कूटी घेतो. तात्यांनी मान डोलावली होती, बापाची वस्तू लेकाकडंच जायची. आईसुद्धा काही बोलली नव्हती. श्राद्धाच्या दिवशी तोंड वाजवायला नको म्हणून अनिता गप्प बसली होती.

"जाऊ दे ना," रविराज आता म्हणत होता, "बंद पडली तर पडली. नाहीतरी पोर्चमध्ये उभीच राहणार. उद्या टेम्पो लावतो."

मग मात्र अनिताचा तोल सुटला.

"टेम्पो लावतोस? लाज वाटती का? आबा खाटंवर होते तवा ये म्हणून किती फोन केले, तुला मीटिंगा! येकदा तरी इचारलंस का, ह्या गाडीच्या पोटात काय जातंय? मेलेल्या बापाला भारीतलं पाजायला निघालास व्हय? जित्यापणी त्यांचं काय चाललंय ते तुला ठावं न्हवतं, आन् आता आठवण पायजे पोर्चमधी!"

"अनिता!" तात्या गरजले. "पाव्हण्यांसमोर—"

"पाव्हण्यांसमोरच बोलणार! ह्यांच्यासमोरच गाडी वाटून टाकली न्हवं का सकाळी?"

अनितानं घरातून रॉकेलचा रिकामा कॅन आणला, टाकीची नळी काढली आणि सगळं भारीतलं पेट्रोल त्यात उतरवून घेतलं. कॅन उचलून रविराजच्या चारचाकीपाशी नेऊन ठेवला.

"हे तुझं. तुझ्या गाडीला घाल. ही गाडी कुठं जायची न्हाई. शिरूरचा माऊली मिस्त्री इंजिन खोलंल, पिस्टन बदलंल, आन् न्हाई झाली तरी हितंच राहील."

रविराजनं तात्यांकडं बघितलं. तात्या पायातल्या चपलेकडं बघत होते.

जेवणं उरकली. उन्हं कलली तशी गोठ्यांवरची वेळ झाली. दूध काही कुणाच्या श्राद्धासाठी थांबत नाही. अनितानं हँडलवरचा हार काढून आबांच्या फोटोला घातला, गाडीला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवले आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलायला लागली. पाहुणे ओट्यावरून बघत होते. रविराज उठला, दोन पावलं पुढं आला आणि तिथंच थांबला. तिनं मागं वळून बघितलं नाही.

फाटकापाशी अचानक गाडी हलकी झाली. साखरबाईनं पदर खोचून मागनं कॅरियरला हात लावला होता. लेक रोज कुठं कुठं जाते, हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं.

"आदी कुणाच्या गोठ्यावर जायचं?" तिनं विचारलं.

अनिताचा राग काही उतरला नव्हता. ती म्हणाली,

"संपतअप्पांच्या. चढ हाय. जोर लाव."