टोपी सैलच असू द्या

मी कागदाचं रॉकेट बोलतोय. आवाज दबका येईल, कारण माझं नाक धडात घुसलंय. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म प्रिंटरमधून झाला, जाड कागदावर, सपाट. खिडक्या, पंख, सगळं नुसतं छापलेलं. या घरच्या लेकीने मला कातरून काढलं, झाडूच्या दांड्याभोवती गुंडाळून गोल केलं, पंख चिकटवले. पोटात पातळ पिशवीची छत्री घडी करून ठेवली. टोपी, म्हणजे माझं टोकदार नाक, मात्र मुद्दाम सैल ठेवली. माझ्या बुडाशी फटाक्याच्या दारूची नळी आहे; ती दारू जळता जळता शेवटी वर फुंकर मारते, टोपी सुटते, छत्री उघडते आणि मी तरंगत खाली येतो. निदान येणार होतो.

लेकीला दूरच्या शहरात शिकायला जायचं होतं. बाबा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. शेवटी जेवताना म्हणाले, "तुझं हे वर जाऊन धडपणे खाली आलं, की तूही जा."

"शब्द?"

"शब्द."

बाबा खुर्च्या-टेबलं बनवतात. काही डुगडुगलं की त्यांना चैन पडत नाही. आत्या म्हणते, "दादाकडे फार वेळ एका जागी बसू नये, चिकटवून टाकेल."

मला उडवायला मैदानावर निघायच्या सकाळी लेक चपला शोधत होती. बाबांनी मला उचललं. टोपी हलली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि दुसऱ्या क्षणी माझ्या गळ्याभोवती लाकूड चिकटवायचा गार गोंद फिरला. मी हबकलो. ओरडायला तोंड नाही. बाबांनी अंगठ्याने कड पुसली, इतक्या मायेने, की मला धड रागही येईना.

"आता नाही पडणार," ते पुटपुटले. वाटेतच गोंद वाळला.

मैदानावर लेकीने बटण दाबलं आणि जमीन निसटली. कालपरवापर्यंत मी कागद होतो. आता छपरं माझ्या खाली होती. मग पोटात फुंकर आली. टोपी हलली नाही. छत्री गळ्याशी अडकली. मी उलटा झालो आणि नाकावर आपटलो.

लेकीने माझ्या गळ्याला नख लावलं. पिवळट, कडक कड.

"बाबा, हा तुमचा गोंद."

बाबा पांढरेफटक पडले. "सैल होती गं. वाटलं, वाटेत गळून पडेल."

"ती सुटायलाच हवी होती."

बाबांनी मला हातात घेऊन त्या कडेवरून अंगठा फिरवला.

"तू नीट केलं होतंस," ते म्हणाले. "पाडलं मी. जा तू."

लेकीचा कानांवर विश्वास बसेना. माझाही.

ती गेली. मी बाबांच्या कामाच्या टेबलावर असतो, गोंदाच्या बाटलीशेजारी. तुमच्याही हाती कधी असं हलकं, डुगडुगणारं काही येईल. चिकटवण्याआधी एकदा विचारा, हे सुटण्यासाठीच तर केलेलं नाही ना.

बाबा हल्ली झाकण उघडण्याआधी माझ्याकडे बघतात.